दिलेला हात

पेशंट दारातून आत येताना बघितला की मी सांगते, मेंदूतली कुठली धमनी बंद पडली. स्कॅन मागाहून बघते. याबद्दल मला थोडा गर्व होता, तो आता उतरलाय.

पुढची धमनी गेली तर माणूस पाय ओढत येतो, हात बरा असतो. मागची गेली तर धडधाकट चालत येतो आणि दाराच्या चौकटीला आपटतो, कारण अर्धी नजर गेलेली असते. मधली धमनी डावीकडची गेली तर उजवा हात, तोंडाची उजवी बाजू आणि बोलणं, तिन्ही एकदम जातात. तीच उजवीकडची गेली तर डावा हात जातो आणि वर एक विचित्र प्रकार होतो. काही पेशंट तो हात आपला मानतच नाहीत. कुणाचा तरी इथे विसरून राहिलाय म्हणतात. मी मूळची कराडची. आमच्याकडे शेताला पाणी देताना ज्या पाटाचं पाणी तुटतं त्याच वाफ्यातलं पीक जळतं. मेंदूचं तसंच आहे, त्यात गूढ काही नाही. असं मी आठ वर्षं सगळ्या नातेवाइकांना सांगत आले.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नवीन पनवेलला राहते आणि स्कूटरवरून घरोघरी जाऊन व्यायाम देते.

सत्यवतीकाकी पनवेलच्या कोळीवाड्यातल्या. वय एकसष्ट. मार्गशीर्षाच्या सुरुवातीला सकाळी चिंबोऱ्या साफ करता करता त्यांच्या हातातून कोयता पडला, आणि दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा उजवा हात लोंबत होता आणि तोंडात एकच शब्द उरला होता. डावीकडची मधली धमनी. पुस्तकात असते तशी केस.

शब्द होता "दिला".

भूक लागली तरी दिला, लघवीला जायचं असलं तरी दिला, मुलाने डोक्यावरून हात फिरवला तरी दिला. असं होतं. बोलण्याचा सगळा भाग जळतो आणि एखादाच शब्द वाचतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. त्यांच्या सुनेला, हेतलला, ते पटेना. हेतल वापीची, कॉलेजातलं प्रेम, कोर्टातलं लग्न, त्याला जेमतेम सहा महिने झालेले. तिला वाटलं सासूबाई उरणच्या दिलीपमामाला बोलावतायत. तिने मामाला रिक्षा करून आणला. मामा दोन तास बहिणीजवळ बसून रडला, जेवला आणि गेला. काकी त्याच्याकडे बघून म्हणत राहिल्या, दिला, दिला.

घर दोन खोल्यांचं, खाडीपासून शंभर पावलांवर. ओट्यावर जाळी वाळत घातलेली, आत सुक्या बोंबलांचा वास, वरून दर थोड्या वेळाने विमान जायचं. काकींचे यजमान महादेवकाका चौसष्ट वर्षांचे, तरी रोज एकटे होडी घेऊन खाडीत जायचे. मुलगा दीपेश बंदरावर क्रेन चालवायचा, पाळी असेल तसा घरी. म्हणजे दिवसभर घरात सासू, सून आणि तासभर मी.

पंधरा दिवस झाले तरी उजव्या हातात काही नव्हतं. बोटसुद्धा हलत नव्हतं. काकी त्या हाताकडे बघायच्याही नाहीत. मी उचलून मांडीवर ठेवला की डाव्या हाताने हळूच बाजूला सारायच्या, पाहुण्याची पिशवी बाजूला ठेवावी तसा. काकींना पुन्हा स्वतःच्या हाताने जेवता यावं, एवढंच मला हवं होतं, आणि ते होत नसल्याने मी चिडले होते.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, माझ्या लक्षात आलं की काकींच्या डाव्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या आहेत आणि उजवा हात अगदी भुंडा.

"दवाखान्यात काढल्या का गं?" मी हेतलला विचारलं.

"माहीत नाय मॅडम. मी बघितलं तेव्हा नव्हत्याच."

"नवरा जिवंत असताना बाईचा हात असा भुंडा ठेवायचा? जरा लक्ष द्यावं माणसाने!"

ती बिचारी वरमली. मला खरं तर बांगड्यांचा आवाज हवा होता. पेशंट हाताकडे दुर्लक्ष करत असेल तर हाताला आवाज द्यावा, रंग द्यावा, म्हणजे मेंदूला त्याची आठवण होते. हे शास्त्र आहे. पण बोलले ते माझ्या आजीसारखं. लगेच स्कूटर काढून उरण नाक्यावर गेले आणि हिरव्या काचेच्या सात बांगड्या आणल्या, दोन-चारच्या मापाच्या.

मी बांगड्या भरायला लागले तशा काकी रडायला लागल्या. डाव्या हाताने माझं मनगट धरलं. ताकद होती त्या हातात. दिला, दिला, दिला. डोळे एवढे मोठे. मी म्हटलं, "हो काकी, हा तुमचाच हात आहे. बघा किती छान दिसतोय!" आणि सातही भरल्या. आज तो आवाज आठवला की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बारा चाळीसला त्यांचं उजवं मधलं बोट हललं.

मी ओरडलेच. हेतल स्वयंपाकघरातून धावत आली. बोट पुन्हा हललं, मग दुसरं, मग मूठ मिटली. मी हेतलला मिठी मारली. काकी तेवढ्या भिंतीकडे तोंड करून होत्या.

पाऊण तासाने महादेवकाका आले. हातात टोपली, तिच्यात बोईटं आणि मूठभर कोलंबी. उंबऱ्यातच थांबले. बायकोच्या हाताकडे बघत राहिले.

"कोनी भरल्या?"

"मी," मी फुशारकीने म्हटलं. "आणि काका, बोटं हलली!"

ते खाली बसले. टोपली बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आमच्यात उजव्या हातान नाय भरत, बाय. लग्नान त्या हाताचा चुडा दर्याला सोरतान. हात त्याला द्याचा, मंग तो घरवाल्याला परत धारतो."

मला एकदम "दिला" कळला. हात दिला, दर्याला, नवरा परत यावा म्हणून. अंगावर काटा आला, आणि दुसऱ्याच क्षणी मी तो झटकला. त्या शब्दाला अर्थ आहे, म्हणजे मेंदूचा तो भाग जिवंत आहे, असा विचार मी केला. आनंदाचा!

"सॉरी काका, मला माहीत नव्हतं. काढते."

मी पुढे झाले. काकांनी हात आडवा घातला.

"खरंच हाल्ला?"

"हो. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"मंग ऱ्हाव दे."

"पण तुम्ही रोज खाडीत..."

"चालीस वर्सां तिनी माज्यासाठी एकाच हातान काकना घातली. ऱ्हाव दे, बाय. हात चालू दे तिचा."

काकी भिंतीकडूनच म्हणाल्या, "दिला."

"आयकला गं," काका म्हणाले. आणि टोपली घेऊन मोरीकडे गेले.

मी भिंतीवर एक तक्ता लावला. हात हलला की हेतलने वेळ लिहायची. मंगळवारी दीड. बुधवारी सव्वादोन. गुरुवारी तीन वाजून पाच मिनिटं. हात दिवसा एकदाच हलायचा, अर्धा-पाऊण तास, मग पुन्हा मेल्यासारखा; रात्री कुणी बघत नव्हतं. असा पेशंट मी पाहिला नव्हता. ताकद मात्र रोज वाढत होती. गुरुवारी मी तपासलं तर हात थंडगार होता आणि बोटांची टोकं सुरकुतलेली, तासभर धुणं धुतल्यावर होतात तशी. मी वहीत लिहिलं, घाम जास्त. खोलीत पंखा बंद असूनही गारठा होता, तरी लिहिलं.

त्या संध्याकाळी काका तक्त्यासमोर उभे होते. त्यांना वाचता जेमतेम यायचं, पण आकडे कळायचे.

"ह्यो काय ल्हिलाय?"

मी सांगितलं.

ते बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. "आज चौथ. चाराचा पाऊनपट तीन. काल तीज, सव्वादोन. परवा बीज, दीड." मग माझ्याकडे वळले. "ह्या भरतीच्या येला हान."

तिथीला पाऊणपट केली की खाडी पूर्ण भरण्याची वेळ निघते, थोडी मागेपुढे. कोळ्यांच्या पोरासोरांनाही हा हिशेब येतो. मला पहिल्यांदा कळला. मी हसले. खरं सांगते, हसले. म्हटलं, काका, शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं, योगायोग असतो. ते म्हणाले, "आसंल." दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीसारखे होडी घेऊन गेले.

घरी आल्यावर मी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक बघितलं आणि रात्री नीट झोपले नाही. शुक्रवारी पावणेचार. शनिवारी साडेचार. हेतलच्या अक्षरात तेच आकडे. तिने शनिवारी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, मम्मीचा हात चादर खेचतो. मम्मी झोपलेली असली तरी खेचतो. मला नाय बरं वाटत."

"काढू या का बांगड्या?"

"पप्पा नको बोलतात. बोलतात, तिचा हात आलाय, तुम्ही मधे पडू नका."

मी काढायला हव्या होत्या. काका रागावले असते तर रागावू द्यायचं होतं. पण एखादा वाळलेला हात डोळ्यांदेखत जिवंत होत असताना मीच तो पुन्हा मारायचा? आणि कशासाठी, तर लग्नातल्या एका चालीसाठी? मी स्वतःला शहाणी समजत होते.

रविवारी सप्तमी. साताची पाऊणपट सव्वापाच. मी पाचलाच जाऊन बसले. मला तो आकडा खोटा पाडायचा होता. दीपेश घरी होता, बापाची वाट बघत. काका दुपारी जाळं घेऊन गेले होते, भरतीबरोबर परतणार होते.

ऊन कलंडलं होतं, तरी खोलीत चांगला उजेड होता. काकी खाटेवर उताण्या, डोळे उघडे.

पाच दहा. काही नाही.

पाच चौदाला बांगड्या वाजल्या.

हात उठला. चादर मुठीत धरली आणि ओढली. सोडली, पुढून धरली, ओढली. एकाच हाताने, न थांबता, जाळं ओढतात तशी. चादर संपली. हात रिकाम्या हवेत पुढे जायचा, मूठ मिटायची आणि काहीतरी जड असल्यासारखी मागे यायची. खांदा थरथरत होता. हाताची शीर न् शीर वर आली होती.

"आई!" दीपेश ओरडला.

काकींनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. त्या त्याला अडवत होत्या. सगळा जोर लावून अडवत होत्या आणि किंचाळत होत्या. दिला! दिला! दिला! मी धावले, दोन्ही हातांनी तो हात दाबला. तो बर्फासारखा होता. ओला होता. मी साठ किलोची बाई, त्या हाताने मला खाटेवर ओढलं.

मग त्याने ओढायचं थांबवलं.

जे ओढायचं होतं ते हाताशी आल्यासारखा थांबला. मूठ सावकाश उघडली.

माझ्या तोंडावर खारं पाणी उडालं होतं.

दीपेशचा फोन वाजला.

होडी आपली आपण जेट्टीला लागली होती, भरतीच्या पाण्याबरोबर. आत काका आडवे पडले होते, डोळे उघडे, तोंड वाकडं. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. स्कॅन बघायची मला गरज नव्हती. डावा हात, डावा पाय, मान उजवीकडे. उजवीकडची मधली धमनी. तरी मी बघितला. ती काळी सावली बघून मी तिथल्या बाकावर बसले.

तासाभराने नर्सबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात कागदाची पुडी होती.

"पेशंटच्या डाव्या हातात बांगडी कशी हो? सुईसाठी फोडावी लागली. हातातून निघेचना." त्यांनी पुडी उघडली. हिरव्या काचेचे चार तुकडे. "एवढ्याशा मापाची, त्या पंजातून गेलीच कशी?"

मी काकांचा पंजा पाहिलेला होता. वल्हं मारून मारून रुंद झालेला. दोन-चारच्या मापात त्यांची तीन बोटंसुद्धा गेली नसती.

मी तडक कोळीवाड्यात गेले. काकी जाग्या होत्या. मी त्यांचा उजवा हात उचलून मोजलं.

सहा.

पुन्हा मोजलं. खाटेखाली बघितलं, चादर झटकली. तुकडासुद्धा नव्हता. मी सहाही बांगड्या काढल्या. या वेळी काकींनी माझं मनगट धरलं नाही. उलट हात पुढे केला. शेवटची निघाली तसा तो हात माझ्या मांडीवर पडला, पहिल्या दिवशी होता तसाच.

सकाळी दीपेशने बांगड्या बघितल्या. तो रात्रभर दवाखान्यात होता, डोळे लाल. मला वाटलं शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आमची मानसा बोलतान, त्या खाडीन सोरायला होव्या," तो म्हणाला. "तुमी भरल्या म्याडम, तुमीच सोरा."

मी गेले. काकांचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्यामुळे, एवढं एकच डोक्यात होतं. कराडच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर काढलेली मी, सकाळी जेट्टीच्या टोकावर उभी राहिले आणि मनात म्हटलं, काकांना परत दे. मग सहा बांगड्या पाण्यात सोडल्या. त्या तरंगल्यासारख्या वाटल्या आणि बुडाल्या. कुठल्या हाताने सोडल्या, याचा मी तेव्हा विचार केला नाही. माणूस टाकतो त्याच हाताने.

काका वाचले. आता त्या घरात दोन खाटा आणि मला दोन पेशंट. पहिले काही दिवस काका डावा हात ओळखायचे नाहीत. हा तपासणीतला नेहमीचा प्रश्न आहे, तो मी रोज विचारायचे.

"काका, हा हात कोणाचा?"

"हिचा."

"मग तुमचा कुठे आहे?"

"होरीन ऱ्हायला." मी वहीत लिहिलं, आपला हात होडीत राहिला म्हणतात.

मग एका सकाळी त्यांनी तो हात स्वतःच उचलला आणि नाक खाजवलं. इतक्या सहज की हेतल हसायला लागली. महिन्याभरात काका ओट्यावर बसून जाळं विणू लागले. नवीन स्कॅन काढला, त्यात ती काळी सावली जशीच्या तशी होती. डॉक्टर म्हणाले, नशीब.

गेल्या आठवड्यात, शिमग्याच्या आधी, काकांनी मला विचारलं, "बाय, आता उतरू काय खारीन?"

खाडीत नको म्हणायला मी तोंड उघडलं, पण काकी उठून बसल्या होत्या. त्यांनी डाव्या हाताने माझा उजवा हात ओढून मांडीवर घेतला. त्यात आईने दिलेलं चांदीचं कडं होतं, दहावी पास झाल्यापासून घालत आले ते. त्यांनी ते हळूच काढलं आणि माझ्या डाव्या तळव्यावर ठेवलं. मग माझ्या उजव्या हातावरून फिरवत राहिल्या, घरात आलेल्या नव्या सुनेला कुरवाळावं तशा.

"दिला," त्या काकांना म्हणाल्या. पहिल्यांदाच न रडता.

काका दुसऱ्या दिवसापासून खाडीत जातात. रोज सुखरूप परत येतात. येतील.

मी स्वतःचे दोन एमआरआय केले. दोन्ही स्वच्छ आहेत. सगळ्या धमन्या उघड्या, कुठे अडथळा नाही. रिपोर्ट ड्रॉवरमध्ये आहेत. ड्रॉवरशेजारी टॉवेल ठेवते, बोटं पुसायला. हे सगळं मी डाव्या हाताने लिहिलंय, म्हणून अक्षर असं आहे. मी डावखुरी नाही. बाकी दिवसभर उजवा हात चालतो, पण त्याच्यावर लिहिण्याचं काम सोपवावंसं वाटत नाही.

आज चतुर्थी. तीन वाजायला दोन मिनिटं आहेत. टेबलावरचा कपडा मी आधीच काढून ठेवलाय.